धुतलेला ओळंबा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि ती बाई अशी, की डब्यातून किती पोळ्या परत आल्या त्यावरून माझं आज कुणाशी वाजलं ते ओळखते. हे मात्र तिला ओळखता आलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मला नीट माहीत नाही. ऐका.

मी रागीट माणूस. भाव करायला बसलो की समोरच्याला घाम फोडतो. जुन्नरकडून आलो तेव्हा विठ्ठलवाडीला एका खोलीत सहा जण राहायचो आणि मी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलायचो. मग गवंडी झालो, मग छोटी कामं घेऊ लागलो, मग जमिनी. मला कुणी काही दिलं नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगतो. तेही खोटंच. नानांनी दिलं.

नाना म्हणजे डोंबिवलीत आमच्या खालच्या मजल्यावरचे. ठाण्याला सरकारी कचेरीत धरणांचे नकाशे काढायचे. त्यांच्या मोरीची फरशी बसवायला गेलो होतो, तिथून ओळख. टेबलावर नकाशा पसरलेला होता, मी विचारलं या रेषा कसल्या. झालं — पुढे कित्येक रविवार मी त्या टेबलाशी. रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. पाणी कुठून उतरणार, कुठे थांबणार. एकच गोष्ट दहादा विचारली तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. फार तर म्हणायचे, "शंकर, भाव करताना तुझं डोकं चालतं तेवढं इथे चालव."

त्या शिकवणीवर मी काय केलं? डोंगर निवडला.

कल्याणच्या मागे, मुरबाडच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावाच्या वर मातीचं लहान धरण, त्यातूनच गावाच्या नळांना पाणी. धरणाच्या वर उतार — गवत, करवंदीच्या जाळ्या, थोडी झाडं. मी तो घेतला. जेसीबी लावून पायऱ्यांसारखा कापला, रस्ता काढला, बंगल्यांचे प्लॉट पाडले. गवत गेलं, जाळ्या गेल्या, खालचा लाल मुरूम उघडा पडला.

नानांना मी कोपऱ्यावरचा प्लॉट देत होतो, निम्म्या भावात. मी — निम्म्या भावात. आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिला नसता. ते हसले आणि म्हणाले, "तुझा प्लॉट घेतला तर तुझ्या डोंगराबद्दल बोलायची माझी सोय राहणार नाही." बस, एवढंच. पण मला ते लागलं. मोठमोठे बिल्डर डोंगरच्या डोंगर खातात, त्यांच्या उद्घाटनाला हेच लोक जातात, आणि मी चार बंगल्यांची सोय केली तर माझ्याबद्दल बोलायची सोय हवी? हा राग मी पाळला, खायला घातलं त्याला. पण रागामुळे केलं असं म्हणणार नाही. राग नसता तरी केलं असतं, असं आता वाटतं.

आता नानांच्या वेडाबद्दल सांगायला हवं. त्या धरणाचा नकाशा त्यांनीच कचेरीत काढला होता, तरुण असताना. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच ध्यास — आपण कागदावर काढलं त्याच्या पोटात आता किती गाळ आहे? दर वर्षी थंडीत, धरण बांधावरच्या खुणेपर्यंत भरलेलं असताना, आम्ही दोघं जायचो. चार पिंपांवर फळ्या बांधलेला तराफा, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोर, आणि ठरावीक अंतरावर थांबून खोली मोजायची. खुणा केलेल्या सुतळीला एक चपटा जड दगड बांधलेला. चपटा अशासाठी, की तो मऊ गाळावर टेकतो, आत जात नाही. नाना सोडायचे, नाना वाचायचे, नाना लिहायचे. मी तराफा ढकलायचो आणि त्यांच्या बायकोने दिलेली थालीपिठं संपवायचो. खरं सांगू? त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी होत्या. पाण्यात कुणाशी भाव करायचा नसतो.

डोंगर कापल्यानंतरच्या थंडीत नानांचा खांदा धरला होता. दगड उचलवेना. मी म्हटलं, नाना, माझ्याकडे ओळंबा आहे. गवंड्याचा पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायला सुतळीला लावतात तो, खाली टोकदार. हलका आहे, मी सोडतो, मी आकडा सांगतो, तुम्ही लिहा.

त्यांनी तो हातात घेतला, टोकाला बोट लावलं. "रुतेल हा."

"रुतू देईन का? पाया खणण्यात जन्म गेला माझा. टोक गाळाला लागलं की हाताला कळतं."

ते म्हणाले, "तुझ्या हाताला कळत असेल तर हरकत नाही."

आणि कळत होतं — हेच तर सांगायचंय तुम्हाला. पहिल्या ठिकाणी ओळंबा सोडला आणि कुठे टेकला ते मला स्वच्छ कळलं. आदल्या वर्षीच्या खूप वर. तिथे मी थांबलो असतो तर नाना काय करणार होते ते मला माहीत होतं. वही घेऊन ग्रामसभेत गेले असते. गावाने मला उतारावर दगडी बांध घालायला लावले असते, चर खणायला, झाडं लावायला. आणि अर्धे प्लॉट विकायचे होते.

मी सुतळी सैल सोडली. ओळंबा गाळात शिरला, शिरत गेला, जुन्या तळाला टेकला. मी आकडा सांगितला. आदल्या वर्षीचाच.

वर घेताना सुतळी हातभर लाल झालेली. नाना वहीत बघत होते. मी ओळंबा पाण्याबाहेर काढण्याआधी दोन हिसडे दिले, धुऊन घेतला, मगच फळीवर ठेवला. त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी असंच केलं. प्रत्येक वेळी धुतला. नाना खूश होते. परत येताना म्हणाले, "शंकर, मी उगाच तुझ्या डोंगरावर संशय घेत होतो. चुकलं माझं." माझी माफी मागितली त्यांनी. मी काय म्हणालो असेन? म्हटलं, जाऊ द्या नाना.

त्याच उन्हाळ्यात गाळ उपसायची सोय गावाला मिळत होती. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन यायला तयार होते, त्यांना तो गाळ शेतात हवाच असतो. ग्रामसभेत कुणीतरी विचारलं, या वर्षी उपसायचा की आधी शाळेची भिंत बांधायची? तारामावशी म्हणून एक म्हातारी होती, धरणाच्या कामावर तिने दगड वाहिलेले. ती म्हणाली, "नानांना इचारा. नानांनी मापलंय." नानांनी वही उघडली आणि सांगितलं, घाई नाही.

पाऊस झाला. माझा डोंगर पुन्हा खाली उतरला. त्या थंडीत नानांचा खांदा अजून धरलेलाच होता, मोजायला गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात चैत्र संपायच्या आतच नळ गुरगुरले आणि बंद पडले. पाणी सोडायची तोटी चिखलाने बुजली होती. आम्ही गेलो तेव्हा धरणात मधोमध थोडं पाणी आणि भोवती कंबरभर लाल गाळ, उन्हाने तडकलेला. बायका हंडे घेऊन बांधावर बसलेल्या, टँकरची वाट बघत. एक तरुण म्हणाला, "काय नाना, तुमचं पाणी वहीतच राहिलं का?" लोक हसले. तारामावशी हसली नाही. तिने नानांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटतं त्यांना तेच जास्त लागलं.

मी शेजारीच उभा होतो. माझा चढा आवाज तुम्ही ऐकलेला नाही — बाजारात या टोकाला ओरडलो तर त्या टोकाला ऐकू जातो. तिथे तो निघाला नाही.

गाळ नंतर उपसला. आता दर दोन वर्षांनी उपसावा लागतो. उतार अजून उघडाच आहे.

पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

नानांनी त्या वह्या महिनाभर पुन्हा पुन्हा तपासल्या. चूक सापडेना. माझ्या हाताचा त्यांना संशय आला नाही. संशय आला तो स्वतःच्या डोक्याचा. मी एक सांगितलं असेल आणि त्यांनी जुन्या वर्षाचं पान बघून दुसरंच लिहिलं असेल, असं त्यांनी ठरवलं. मग गॅस बंद केला का, हे उठून तीनदा बघायला लागले. सोसायटीच्या मुलांना गणित शिकवायचे, ते बंद केलं. म्हणाले, पोरांचं नुकसान नको.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना ठाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, स्मरणशक्ती तपासायला. गाडी माझी, मीच नेलं. तासभर प्रश्न विचारले. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम आहे, काही नाही. मुलगी फाइल आणायला आत गेली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच. प्लॉट केव्हाच विकून झाले होते. गावाने मला काय केलं असतं? काही नाही. सांगायला एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

नाना म्हणाले, "डोकं ठीक आहे म्हणतात. मग शंकर, ते आकडे कसे रे चुकले?"

मी त्यांचा हात हातात घेतला. माझं त्यांच्यावर फार प्रेम आहे, आणि त्यांच्या नजरेतून उतरणं मला नको होतं. मी म्हणालो, "नाना, डॉक्टरांना सगळं कुठे कळतं? वय होतं माणसाचं."

त्यांनी मान हलवली, "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि माझा हात धरून उठले.

तेव्हापासून आमच्या गप्पांत कुठलाही आकडा आला — गाडीची वेळ असो, नातवाचं वय असो — की नाना बोलता बोलता थांबतात आणि आधी माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. मगच ते बोलतात.