वहिनींचं कासव

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "इंदू गेली रे," एवढंच तो म्हणाला. पुढं बराच वेळ फोनवर नुसती पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती, शेतातूनच बोलत असावा. इंदू म्हणजे दादाची बायको, माझ्या थोरल्या वहिनी. पिंपळवंडीच्या आमच्या घरात त्या आल्या तेव्हा मी आठवीत होतो. त्यांच्या जाण्याला आता महिना झाला. लोक भेटतात, वहिनींनी मला आईची माया दिली असं म्हणतात, आणि मी मान हलवतो. ते खरंच आहे. पण मला दुसरंच काही सांगायचं आहे, जे मी त्या असताना सांगितलं नाही.

वहिनींचं माहेर बेल्ह्याचं. वडील बैलांचे व्यापारी. आठवडी बाजारात बापाचं बोट धरून फिरलेल्या. शाळा चौथीत सुटली, पण जनावर बघण्याची नजर अशी की गोठ्यात पाऊल टाकताच कुठली गाय आज खाणार नाही हे सांगायच्या. चेहऱ्यांपेक्षा त्यांना जनावरं जास्त लक्षात राहत. बोलणं तोडून टाकल्यासारखं. लाड करणं त्यांना जमायचं नाही, पण अशक्त करडू चुलीजवळ घेऊन बसलेल्या वहिनी मी कित्येकदा पाहिल्या आहेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. पुण्यात माझा नवा संसार होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जाताना त्यानं त्याच्या घरचं कासव मला दिलं. तळहाताएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात कासव असलं की भरभराट होते, असं कुणीकुणी सांगितलं. अशी कासवं पाळणं कायद्यानं गुन्हा आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. मी काचेची पेटी आणली, त्यात पाणी भरलं आणि दुधात भिजवलेली पोळी घालू लागलो. चार महिन्यांत त्याचे डोळे सुजून मिटले आणि पाठ अंगठ्यानं दाबली की दबू लागली. दिवाळीत गावी जाताना बुटाच्या खोक्यात घालून नेलं. आमच्या विहिरीत सोडून द्यावं, असा विचार होता.

वहिनींनी खोकं उघडून पाहिलं. "हिरीत सोडताय? बुडून मरंल की. ह्याचं पाय बघा भाऊजी, हत्तीवाणी हायेत. पवणाऱ्याचं पाय असं नसत्यात."

एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांत दिसली नव्हती. कासव त्यांनी ठेवून घेतलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मी गाई-म्हशींचा, पण हा गवत-पाल्यावर जगणारा प्राणी, दूध-पोळी बंद करा आणि रोज थेट ऊन द्या. काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही, त्यानं हाडं आणि पाठ घट्ट होत नाहीत. वहिनींनी हे शब्द देववाक्यासारखे धरले. बाहेर मोकळं सोडावं तर कुत्री आणि मुंगूस, म्हणून त्यांनी मधल्या खोलीचा दक्षिणेकडचा कोपरा विटांनी अडवला. खिडकीची काच काढून बारीक जाळी ठोकायला लावली. खाली कोरडी माती. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला फुटका माठ आडवा ठेवून सावली, त्याला हवं तिकडं जाता यावं म्हणून. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, गुरांचा लसूणघास, वर अंड्याच्या टरफलांची पूड. आठवड्यातून दोनदा परातीत बोटभर कोमट पाणी, त्यात ते बसायचं आणि प्यायचं. थंडीत संध्याकाळी कोपऱ्यावर गोणपाट टाकून वर साधा बल्ब लावायच्या. दोन-तीन महिन्यांत डोळे उघडले. वर्षभरात पाठ टणक झाली. वहिनी त्याला 'पावणा' म्हणायच्या. सकाळी त्यांच्या बांगड्या वाजल्या की पावणा माठातून मान बाहेर काढायचा.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग माझ्या मुलांनी हट्ट धरला की आपलं कासव आपण परत आणू. 'आपलं' हा शब्द मलाही खरा वाटला. वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. फक्त एसटी सुटेपर्यंत खिडकीशी उभ्या राहून सांगत होत्या, "ऊन दाखवा. गार फरशीवर ठिवू नका. नाकातनं पाणी आलं तर थांबू नका, लगोलग डॉक्टरकडं न्या."

मला सगळं सांगितलं होतं. अज्ञान हे कारण पहिल्या वेळी होतं, दुसऱ्या वेळी नव्हतं.

पहिले काही महिने मी रोज सकाळी त्याला गच्चीवर नेत असे. मग नेणं एक दिवसाआड झालं, मग रविवारपुरतं. त्या हिवाळ्यात आम्ही बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या होत्या. तिथं ऊन छान यायचं, पेटी तिथंच ठेवली. रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा. "ऊन दावता न्हवं?" मी म्हणायचो, "हो वहिनी, रोज." एका सोमवारी त्याच्या नाकाशी बुडबुडे दिसले. ऑफिसात हिशेबतपासणी चालू होती. शनिवारी नेऊ, असं बायकोला म्हणालो. गुरुवारी सकाळी ते मान बाहेर टाकून, तोंड उघडं ठेवून पडलेलं होतं... इमारतीच्या मागच्या भिंतीजवळ मी खड्डा खणला. मुलं शाळेत होती.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, कासव पाळणं गुन्हा आहे म्हणे. मी ते वनखात्याकडे दिलं. आता प्राणिसंग्रहालयात आहे, मजेत आहे." गुन्ह्याची बातमी खरी होती, त्याच सुमारास कळली होती. खऱ्याला खोटं चिकटवलं की खोटंही सहज बोललं जातं. "बरं केलं," वहिनी म्हणाल्या, "तितं मोकळी जागा आसंल."

तीन वर्षांपूर्वी छातीच्या तपासण्यांसाठी त्या पुण्याला आल्या. तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, "पावण्याला बघून जाऊ." मी टाळून पाहिलं. आज बंद असेल म्हणालो, ऊन फार आहे म्हणालो. त्या चपला घालून दाराशी उभ्या होत्या. प्राणिसंग्रहालयात कासवांच्या कुंपणाशी गेलो. आत चांदण्यांची आठ-दहा कासवं होती. मी त्यातल्या एकाकडे बोट दाखवलं. वहिनी कठड्याला धरून वाकल्या. त्यांना वाटेतला चढ चढताना दम लागला होता, तो ओसरेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"ह्याच्या चांदण्या बारीक हायेत," त्या म्हणाल्या.

मी कठड्यावरची पाटी वाचू लागलो.

"खातोय पर चांगला," असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

परतताना रिक्षात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, त्या साली थंडी लई पडली व्हती का?"

"हो," मी म्हणालो. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. रिक्षा घरापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली आणि मी वीस मिनिटं बाहेर बघत बसलो.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मधल्या खोलीत मी दादाला सगळं सांगितलं. तो कांद्याच्या बियाण्याच्या पिशव्या लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "तिला ठाव व्हतं."

"कधीपासून?"

"तू तिला न्हेलंस ना बघायला, तवापासनं. तोवर हितली माती दर आठवड्याला चाळायची. म्हनायची, सरकारनं परत दिला तर? पुण्यावनं आली आन् दुसऱ्या दिशी सगळी माती उचलून परसात टाकली. इटा काढल्या. मी इचारलं, तर म्हनली, पावणा न्हाई राह्यला."

माझ्यावर चिडल्या होत्या का, असं मी विचारलं.

"न्हाई. म्हनली, भाऊजींना कुनी इचारू नका. त्यांच्या तोंडून येऊ द्या." दादा पिशवीचं तोंड बांधत होता. "तू आलास की चहा ठिवून तुझ्याम्होरं बसायची बघ. आधी कवा बसायची का ती?"

नव्हत्या बसत. त्यांना बसायला कधी वेळच नसायचा. गेल्या तीन वर्षांत मात्र मी गावी गेलो की वहिनी समोर पाट घेऊन बसायच्या, काही न बोलता, माझा चहा संपेपर्यंत. मला वाटायचं, तब्येतीमुळं थकल्या असतील. मी कप खाली ठेवायचो आणि निघायचो.