पंचमीला चिरायचं नसतं

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपवास धरतात. मीही धरायचे, कुरकुरत. भाऊ एकुलता एक, माझ्याहून धाकटा आणि फोनवरून चिडवण्यात पटाईत. "आक्का, तू उपाशी ऱ्हा, मी हितं तुझ्या वाटचं बी खातोय." हे तो बोलायचा उत्तरेच्या सीमेवरून. समोरच्या डोंगरावर दुसऱ्या देशाची फौज, आणि मधला डोंगर नेमका कुणाचा यावर वर्षानुवर्षं वाद.

त्या वर्षी पंचमीला मी फलटणहून माहेरी आले होते, सांगलीकडे, कृष्णाकाठी. वडील केव्हाच गेलेले. घरात आई आणि तिची म्हैस. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, वर कोयनेतून पाणी सोडलं होतं. पंचमीच्या सकाळी पाणी गल्लीत शिरलं तशी गावानं जनावरं सोडून दिली. म्हैस पोहते, दावं सुटलं की ती आपली उंचवट्याची वाट शोधते. आईनं मात्र उशीर केला. पाणी उंबऱ्यावरून माघारी फिरणार, अशी तिची खात्री. दुपारी फौजेची बोट दाराशी आली तेव्हा गोठ्यात कमरेइतकं पाणी होतं आणि दाव्याची गाठ भिजून दगडासारखी झाली होती.

दावं अंबाडीचं, भावानंच बेंदराच्या सणाला सुट्टीवर आला तेव्हा वळलेलं. आई ती गाठ बोटांनी, मग दातांनी सोडवायला लागली. मी भिंतीवरचा विळा काढला.

"आये, सर. कापते."

"विळा ठिव! आज पंचमी हाय."

"म्हस मरंल की!"

"मरू दे. तिकडं त्याला कायतरी झालं मंजी?"

बोटीतला जवान चाकू काढून पुढे झाला. आईनं त्याचं मनगट धरलं. "बाबा, माझा ल्योक बी तुज्यावानीच. बॉर्डरला हाय. आज न्हाई कापायचं." त्याला मराठी येत नव्हतं, 'बॉर्डर' तेवढं कळलं असावं. त्यानं चाकू आत ठेवला आणि स्वतःच गाठीला भिडला. पाणी छातीला लागलं तरी गाठ हलेना. "चलो माँजी," शेवटी तो म्हणाला. बोट निघाली. म्हैस मान वर धरून रेकत होती. आई तिच्याकडे पाठ करून बसली. मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्या शेजारी बसले नाही.

पूरग्रस्तांची छावणी शाळेत होती. गावाबाहेरच्या वस्तीकडे बोट सगळ्यात शेवटी गेली, आणि ती माणसं आल्यावर वर्गात जागा असूनही व्हरांड्यात बसली. त्यांना आत या म्हणायला कुणाची जीभ वळली नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत टीव्ही चालू होता. देश आता महासत्ता होणार आणि सीमेवर एक इंच मागे हटणार नाही, असं कोट घातलेले एक गृहस्थ सांगत होते. आम्ही ओल्या कपड्यांनी खिचडीच्या रांगेत उभ्या राहून ते ऐकलं.

पूर ओसरल्यावर म्हैस खुंट्यालाच सापडली. भावाचा फोन आला तेव्हा आईनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आये, कापायचं हुतंस की. मला काय हुतंय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचं लेकरू धडधाकट बोलत होतं, आणखी काय पुरावा पाहिजे? माझा राग तिथंच विरघळला.

गौरी जेवून गेल्या, आणि पाठोपाठ तो गेला. गोळी नाही, चकमक नाही. तिकडच्या पावसात डोंगर खचला आणि दरड त्यांच्या गाडीवर आली. गावात अजून चिखलाचा वास होता. त्या चिखलातून गाड्या आल्या, फलक लागले, घोषणा झाल्या. आई रडली नाही. येईल त्याला ती एकच सांगत राहिली, "म्या तर कायबी कापलं न्हवतं वो." लोक मान हलवायचे. मला मात्र नदीवर, त्या डोंगरावर, फलकांवरच्या हात जोडलेल्या फोटोंवर ओरडावंसं वाटायचं.

पुढच्या पंचमीला तिला एकटं कसं ठेवायचं म्हणून मी गेले. आदल्या दिवशी ताट समोर घेतलं, पण घास उतरला नाही. इतक्या वर्षांची सवय. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई विळीवर बसून भेंडी चिरत होती. बाजूला कांदे, बटाटे, कोबीचा आख्खा गड्डा. दोघींच्या जेवणाला एवढी भाजी.

तिनं मान वर न करता दुसरी विळी माझ्याकडे सरकवली.

"बस गं," ती म्हणाली. "आता तुलाबी मोकळीक हाय."