घाट उतरल्यावर अर्धा तास

निपाणीच्या ज्या तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो, त्यांनी मोटार घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली. पुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. आणि पुस्तिका माझ्याकडे, म्हणून मोटारीचं पुढे जे बिघडेल तेही माझ्याकडे, असं वखारीत आपोआप ठरून गेलं. मला तोवर सायकलसुद्धा येत नव्हती.

मोटार उघड्या टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. चालवायला आप्पांनी (मालकांना सगळे आप्पाच म्हणत) आपला जुना गाडीवान बसवला. जन्म बैलांमागं काढलेला हा माणूस महिनाभर बेळगावात शिकून खाकी डगल्यात परत आला. थांबायची वेळ आली की त्याचा हात अजून कासरा शोधायचा. पण त्याच्या सासुरवाडीत, तिकडे खानापुराकडे, मोटार हाकणारा जावई दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि सासरा हे बाजारात ओळख नसलेल्यांनाही सांगत असे.

उन्हाळा भरात आला आणि गाडीनं थरथर धरली. चालताना शहाण्यासारखी चालायची. ब्रेक दाबला की पायाखालची फळी, गादी आणि आप्पांचा फेटा एका लयीत हलायला लागायचे. नेमकं तेव्हाच गावातल्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला बेळगावहून मोठ्या साहेबांना आणायचं ठरलं, आणि तेही आप्पांच्या मोटारीतून. कमानी उभ्या राहू लागल्या, बँड ठरला. मानपत्र मी लिहिलं. साहेबांचे त्यातले बरेचसे गुण खुद्द साहेबांनाही नवीनच असणार होते.

आप्पांनी गाडीवानाला बोलावलं.

"आठ दिस हाईत. साहेब बसल्यावर गाडीला हिवताप आला, तर तू परत बैलांमागं. कळलं?"

"व्हय, आप्पा."

"पाय जड हाय रं तुझा."

आप्पा आत गेल्यावर तो मला म्हणाला, "पाय तर त्योच हाय, मास्तर. पाडव्यापातूर गाडी कुठं हालत व्हती?"

हा मुद्दा मला पटला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वखारीमागं गाडीला भिडलो. पुस्तिकेतली सोपी कारणं आधी तपासली: नट सैल आहेत का, गाडी तोलणारे कमानपाटे हलतात का. सगळं घट्ट होतं. ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते, म्हणून मागची बाजू उचलून, ब्रेक किंचित दाबून चाकं हातानं फिरवली. उजवं चाक सारख्या आवाजात फिरलं. डावं मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा, ठरल्या जागी अडायचं आणि सुटायचं. खर्र, गप्प. खर्र, गप्प.

चाकाच्या आतल्या अंगाला लोखंडी ड्रम असतो आणि ब्रेक दाबला की त्याच्याभोवतीचा पट्टा आवळतो. आम्ही पट्टा काढला. आता पुढं काय, म्हणून मी पुस्तिकेची पानं उलटत होतो.

"थांबा, मास्तर. सुतार कसं बघतोय चाक?" त्यानं चंचीतला चुना काडीच्या टोकाला लावला, काडी विटेवर टेकवून ड्रमच्या अगदी जवळ धरली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. दोनच ठिकाणी पांढरे फराटे उठले. बाकी ड्रम काळाच राहिला.

"गोल न्हाय ह्यो. अंडं हाय नुसतं."

याचं कारण पुस्तिकेत मिळालं: तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो वाकतो. मी हे मराठीत सांगितलं, तशी त्यानं चुन्याची काडी टाकून दिली. "ओढ्याचं पाणी, मास्तर!"

पाडव्यापासून दर आठवड्याला बेळगावहून परतताना तवंदीचा घाट उतरला की खालच्या ओढ्यात आम्ही गाडी घालत होतो. आरे उन्हानं वाळून करकरले की आप्पा म्हणायचे, "चाकास्नी पाणी दाव रं." बैलगाडीच्या घरात वाढलेल्या माणसाचं हे ज्ञान खरंच होतं, भिजलं की लाकूड फुगून घट्ट बसतं. फक्त बैलगाडीला घाटात तापणारा ड्रम नसतो. आणि पाण्यात जायची ती डावीच चाकं. आप्पा उजवीकडून उतरायचे आणि त्यांचे पंपशू भिजून चालत नसत.

"माझी चूक म्हणून सांगा," गाडीवान म्हणाला. "हुकूम त्यांचा व्हता, असं तोंडावर कसं बोलायचं?"

"तुमची म्हणून सांगितलं तर तुम्ही बैलांमागं. आणि पुढचा माणूसही आप्पांच्याच हुकमानं पाणी दावणार."

बेळगावला लागून असलेल्या शहापुरात एका लेथवाल्यानं ड्रम पुन्हा गोल कातून दिला. पट्टा बसवून आम्ही गाडी रिकाम्या रस्त्यावर पळवली आणि ब्रेक दाबला. थरथर गेली होती. मग मी पुस्तिका घेऊन आप्पांपुढं उभा राहिलो आणि वाचल्यासारखं केलं: घाट उतरल्यावर मालकाने अर्धा तास सावलीत बसावे. चाकांना पाणी त्यानंतरच.

"मालकानं, असं लिवलंय?"

"छापलंय, आप्पा."

"आणि पाय?"

"पायाबद्दल पुस्तकात काही नाही."

पुस्तकात एवढंच होतं, की ड्रम निवल्याशिवाय भिजवू नये. मालक, सावली आणि अर्धा तास माझे.

ठरल्या दिवशी आम्ही साहेबांना घेऊन निघालो. घाटात प्रत्येक वळणाला गाडीवानाची मान ताठ व्हायची, पण गाडी हलली नाही. साहेब तर झोपले होते. खाली ओढ्याशी आप्पांनी गाडी आंब्याखाली थांबवायला लावली आणि साहेबांना उतरवलं. थोड्या वेळानं कमानीकडून सायकलवर एकजण घाबराघुबरा आला. बँड दोनदा वाजून थांबला होता.

"वाजू दे तिसऱ्यांदा," आप्पा म्हणाले. "पुस्तकात लिवलंय."

आप्पा साहेबांना आपल्या जुन्या खिलारी बैलजोडीची हकीकत सांगत होते आणि मी तिचं इंग्रजी करत होतो. साहेबांनी वारा घ्यायला माझ्या हातातलं मानपत्र मागून घेतलं. मी पुष्कळ मानपत्रं लिहिली. कामी आलेलं तेवढं एकच.

गाडीवानानं डाव्या ड्रमला हाताची मागची बाजू लावून पाहिली.

"निवलं, आप्पा. आता पाणी दावू?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तिका उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि होकाराची मान डोलावली.