सावंतकाकांचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तिला मी सगळं सांगतो, विचारा हवं तर.

मुलुंडला माझं गॅरेज आहे. नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठला पार्ट गेलाय. बढाई नाही हो — खरंच सांगतो! शॉकअप गेला असेल तर बोनेट एकदा दाबून सोडायचं. गाडी डुलतच राहिली की समजायचं. जॅक कशाला हवा? जॅक लावतात ते नवशिके, असं मी चारचौघांत म्हणायचो. ही माझी मस्ती. तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या सोसायटीतले सावंतकाका गाडी घेऊन आले. खड्ड्यात गेली की पुढून खट् वाजतं म्हणाले. मी बोनेट दाबलं, गाडी डुलली. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले — जोडीनेच बदलायचे असतात, तेवढं मी चोख करतो. थोड्या दिवसांनी काका परत हजर. "अजून वाजतंय रे."

गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं उभी होती. मी काय करायला हवं होतं? चाक उचलायचं, वर-खाली धरून हलवून बघायचं. बस, एवढंच. पण त्यांच्यासमोर जॅक लावायचा म्हणजे माझंच नाक कापून घ्यायचं ना! मी हसत म्हणालो, "काका, गाडी ठणठणीत आहे. कान दाखवून घ्या."

सगळे हसले. काकाही हसले.

आणि त्यांनी खरंच कान दाखवले. वयामुळे थोडं कमी ऐकू येतं, अशा कानांत कधी नसलेले आवाजही वाजतात, डॉक्टर म्हणाले. कानात मशीन बसवलं. झालं — काकांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "नसलेला आवाज ऐकू येतो, त्या माणसाने स्टेअरिंग धरू नये रे. माझ्या हातून कुणाला काही व्हायला नको." दर रविवारी ते काकूंना गोराईला, काकूंच्या बहिणीकडे न्यायचे. काकूंचे गुडघे गेलेले, बस-रिक्षा जमत नाही. "तू नेशील ना आम्हाला?"

नेईन म्हणालो. गाडी बाहेर काढली, कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आला आणि — खट्! गाडी तशीच वळवून गॅरेजला आणली. गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं, जॅक लावला. चाक हातात डुगडुगायला लागलं. चाक धरून ठेवणारा, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट पार ढिला झालेला. असंच चालवत राहिले असते तर एक दिवस चाक निखळलं असतं. काकांनी ऐकलं ते शंभर टक्के खरं होतं. मी जॉइंट बदलला आणि गप्प बसलो.

रविवारी काका माझ्या शेजारी बसले. तोच स्पीडब्रेकर गेला, तसे खूश होऊन म्हणाले, "मशीन झकास आहे हं! तो आवाज गेला बघ."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? घाबरलो. सगळ्या मुलुंडला ठणकावून सांगणारा मी — घाबरलो. "हो ना काका," म्हणालो.

अजून दर रविवारी नेतो त्यांना. मागून काकू म्हणतात, "पोटच्या पोरानेही एवढं केलं नसतं." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि मी गिअर बदलतो. घोडबंदरचा उतार लागला की काकांचा उजवा पाय आपोआप पुढे जातो, ब्रेक दाबायला. तिथे ब्रेक नसतो. मग ते हळूच पाय मागे घेतात आणि कानातलं मशीन नीट बसवतात.