वत्सल शब्द आणि शेजारच्या मावशी

“वळख पटू द्या, मग हात लावा,” असं म्हणत मावशी आधी आपले दोन्ही तळवे पुढे धरायच्या. समोर गाय असो, वासरू असो की रांगतं मूल. त्यानं हुंगून घेतल्याशिवाय मावशी त्याला शिवत नसत.

शिरूरला नदीकडच्या आळीत आम्ही भाड्याने राहायचो. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, नवरा कारखान्यात पाळीवर. शेजारी मावशींचा गोठा, त्यात दोन गायी, आणि दिवसभर त्यांच्याकडे राहणारी माझी दीड वर्षांची मुक्ता. अशा शेजारणी तुम्हीही पाहिल्या असतील. लोक त्यांचं कौतुक करतात. मी जळायचे.

कारण संध्याकाळी मी हात पसरले की मुक्ता मावशींच्या पदराआड लपायची. “जा गं बया, आई हाय ती तुझी,” असं मावशींना सांगावं लागायचं. माझ्या लेकीला माझी ओळख दुसऱ्या कुणी करून द्यायची, याचा मला भयंकर राग यायचा.

त्याच वर्षी नववीच्या वर्गात ‘वत्सल’ शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं, वत्स म्हणजे वासरू. वत्सला म्हणजे वासरासाठी जीव तुटणारी गाय. मग माया करणारी कोणतीही आई, आणि पुढे तर देवसुद्धा भक्तवत्सल झाला. अर्थ सांगताना डोळ्यांपुढे मात्र मी नव्हते, मावशी होत्या. मी तास पाच मिनिटं आधीच संपवला.

त्या थंडीत मावशींच्या एका गायीचं वासरू दगावलं. गाय पान्हा सोडेना. मावशींनी कुठूनसं आईवेगळं वासरू आणलं, मेलेल्या वासराखालचं पोतं त्याच्या पाठीवर टाकलं आणि त्याला गायीपुढे उभं केलं. दोन दिवस गाय नुसतीच हुंगत राहिली. तिसऱ्या दिवशी चाटायला लागली.

पुढच्याच आठवड्यात मावशी दारात. “बाई, एखादं जुनं पातळ द्या.”

मी धुऊन घडी घातलेलं पुढे केलं.

“धुतलेलं नगं. अंगावरनं उतरलेलं द्या.”

गोठ्यात अंथरायला नेत असतील, असं वाटून मी रागारागानेच दिलं.

एकदा शाळा लवकर सुटली. येऊन पाहते तर मावशींच्या ओसरीवर मुक्ता झोपलेली, अंगाखाली माझं पातळ, त्याचं टोक मुठीत.

“रोज ह्याच्यावरच निजवती,” मावशी हळूच म्हणाल्या. “डोळा लागताना आईचा वास नाकात असावा. न्हाईतर मलाच आई समजंल की ती.”

मला लाज वाटली. पण खरं सांगते, मत्सर गेला नाही, उलट वाढला. हे मला सुचायला हवं होतं.

उन्हाळ्यात मावशींचा मुलगा त्यांना आपल्याकडे, राहू गावी घेऊन गेला, गायीही टेम्पोतून गेल्या. मुक्ता चार दिवस रडली, मग माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. मला हवं होतं तसंच सगळं झालं.

दोन वर्षांनी आम्ही राहूला गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर नात. मुक्ता मला बिलगून म्हणाली, “आई, ही आजी कोण गं?”

“आता पक्की आईची झाली,” मावशी हसल्या. डोळे मात्र त्यांनी नातीकडे वळवले.

“जा ना मुक्ता, जा मावशींकडे,” मी तिला पुढे ढकललं. ती जागची हलली नाही. मावशी नातीला थोपटत राहिल्या, आणि मला त्या परक्या पोरीचा इतका हेवा वाटला की पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठले.