हात वर झाल्याशिवाय

उद्यानातल्या डोंगरगाडीचा लिव्हर ब्रेकमास्तरांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळला. गाडी तशी छोटीच. सहा डबे, बारा माणसं. चढ चढायची, बोगद्यात शिरायची आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आणून दीड मिनिटात परत यायची. मांडीवरचा दांडा प्रत्येकाला नीट बसलाय का, हे बघायचं काम एका उंच, फटकळ मुलीकडे होतं. ती प्रत्येक दांडा दोनदा ओढून बघायची. एकदा ओढून तिचं समाधान कधी झालंच नाही. मग फलाटाच्या टोकाला जाऊन हात वर करायची, आणि तो हात दिसला की मास्तर लिव्हर सोडायचे.

एका सुट्टीच्या दिवशी तिने हात वर केलाच नाही. चौथ्या डब्यातला दांडा दुसऱ्या ओढीला सैल लागला होता. रांगेतले लोक बोंबलत होते, मॅनेजर "सोडा, सोडा" म्हणून घसा फोडत होता. मास्तर ढिम्म.

"बाईंचा हात वर नाही," एवढंच म्हणाले.

दांडा दुरुस्त व्हायला वीस मिनिटं गेली. मॅनेजरने दोघांनाही फैलावर घेतलं, आणि चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. खरं तर लग्न त्या वीस मिनिटांतच झालं होतं, नंतरचं म्हणजे नुसतं जेवण!

आता दोघंही निवृत्त आहेत. बाई दोन वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी चाव्या, मग पेटता गॅस, मग पोटच्या लेकीचं नाव. गेले आठ महिने त्या नवऱ्याला 'दादा' म्हणतात. रस्त्यात पत्ता विचारताना परक्याला म्हणावं तसं. "दादा, जरा पाणी देता का?" मास्तर पाणी देतात. जन्मभर 'अहो' ऐकलेल्या माणसाला तो शब्द रोज नव्याने लागतो, पण तक्रार करायची तरी कुणाकडे?

वर्षभर बंद असलेली डोंगरगाडी नवी होऊन सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मास्तरांनी मनाशी पक्कं केलं. तिथं तरी तिला आपण आठवू. एकदाच 'अहो' म्हणाली तरी पुरे.

"बाबा, फार आशा लावून बसू नका," लेक म्हणाली. "ती गाडी तरी जुनी कुठे राहिलीय?"

लेकीचं खरं होतं. फलाटावर आता काचेची खोली होती आणि आत एक मुलगी पडद्यासमोर बसली होती. लिव्हरच्या जागी जमिनीवर एक पत्रा, चार स्क्रू मारून बसवलेला. मास्तर त्या पत्र्यापाशी थबकले. बाई मात्र आजूबाजूला बघत होत्या, पाहुण्यांच्या घरात बघावं तशा.

दोघं डब्यात बसले. दांडे आपोआप खाली आले, समोर हिरवा दिवा लागला.

आणि बाईंचे हात हलले. त्यांनी आपला दांडा ओढला. परत ओढला. मग मास्तरांचा, दोनदा. मग मागे वळून मागच्या डब्यातल्या बाप-लेकीचा धरायला गेल्या.

"काकू, अहो काय करताय?" तो बाप हसला.

मास्तरांचा उजवा हात आपसूक बाजूला गेला आणि तिथं नसलेला लिव्हर चाचपू लागला. तेवढ्यात गाडी सुटली.

"अरे, थांबवा! मी हात वर केलेला नाही!" बाई ओरडल्या. कोण ऐकणार? मग त्यांनी दोन्ही हातांनी मास्तरांचा दांडा गच्च दाबून धरला, तो थेट गाडी परत येईपर्यंत. बोगद्यात नवे दिवे होते म्हणे, मोठमोठे पडदे होते म्हणे. मास्तरांनी त्यातलं काही पाहिलं नाही. ते फक्त तिचे हात बघत होते.

खाली उतरल्यावर बाईंचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"दादा, आज लिव्हरवर कोण आहे?"

"नवीन मुलगी आहे."

"तरीच! आमचे हे असते ना, तर माझा हात वर झाल्याशिवाय गाडी हलली नसती. कुणी कितीही ओरडू दे."

बाईंनी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"गेले कुठे हे? दादा, तुम्हाला भेटले तर सांगाल का? म्हणावं, मी फाटकापाशी थांबलेय. घरी बरोबरच जाऊ."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. फलाटामागच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं, परत आले.

"भेटले का हो दादा?"

"भेटले. निघालेत," मास्तर म्हणाले, आणि तिच्याबरोबर वाट बघत तिथंच बसले.