न दिसणारा जोड

भोपाळच्या टाउनशिपमधले आमचे शेजारी कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायचे आणि सुटीत उरलेलं जग. नारळ असो, गॅसची टाकी असो की आमचा दरवाजा, बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे.

ह्यांच्या छातीतली महाधमनी आतून चिरली, तेव्हा डॉक्टरांनी छाती न उघडता जांघेतून नळी सरकवून चिरेवर आतून अस्तर बसवलं. आठवड्यात हे घरी आले. शेजारी भेटायला आले ते संशय घेऊनच.

"वहिनी, टाका कुठाय?"

"जांघेत, एवढासा."

"चीर छातीत आणि टाका जांघेत? न दिसणारा जोड मी पास करत नाही."

मत्सर, दुसरं काय! मी तेव्हा अवघी पंचावन्नची, म्हणजे अक्कल यायची होती. ते जिना उतरताच मी ह्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

सहा महिन्यांनी स्कॅन करायचा होता. "मला काय धाड भरलीय?" म्हणत हे टाळत राहिले आणि मी शहाणी मान डोलवत राहिले. शेवटी शेजाऱ्यांनीच ह्यांना स्कूटरवर बसवून नेलं. अस्तराच्या कडेने रक्त झिरपत होतं. आणखी थांबला असतात तर धमनी फुटली असती, असं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून ते बंद केलं.

हे घरी आले, त्या संध्याकाळी मी मीठ-मोहऱ्या शेजाऱ्यांवरून ओवाळल्या. मग माझ्या मुठीतल्या चार मोहऱ्या घेऊन त्यांनी चुरडल्या, हुंगल्या.

"वहिनी, यात मिलावट आहे."